घोंगडी आणि आपले कौतुक

परदेशाहून परतलेल्या मनुष्यास स्वदेशीच्या वस्तू एकाएकी सुंदर दिसू लागतात, हा अनुभव पुष्कळांचा आहे. प्रश्न इतकाच की, हे कौतुक त्या वस्तूचे असते, की आपल्या प्रवासाचे? स्कॉटलंडच्या वायव्येकडील बेटांवर विणले जाणारे हॅरिस ट्वीड पाहून आम्ही परभणीस परतलो. पुढे संत जनाबाईंच्या गंगाखेडात एका वृद्ध सनगराजवळ काळ्या घोंगड्यांची चवड दिसली, तेव्हा हा प्रश्न टाळता येईना.

घोंगडी ही नाजूक वस्तू नव्हे. दख्खनी मेंढीची लोकर राठ आणि बहुधा काळी. धनगराने ती कातरावी, बायकांनी पिंजून तिचे सूत काढावे, सनगराने ताण्याला चिंचोक्यांची खळ देऊन खड्ड्याच्या मागावर ते विणावे, असा हा क्रम. अंगाला ती टोचते. पण तिची खोळ डोक्यावर घेऊन राखणदार पावसाची रात्र काढतो. (भिजल्यावर ती वाळता वाळत नाही, हे मराठी भाषेने पूर्वीच नोंदून ठेवले आहे!) सुशिक्षितांच्या घरीही घोंगडी असे, परंतु बहुधा गड्यासाठी.

ट्वीड तरी मुळात काय होते? गरीब बेटकऱ्यांचे जाडेभरडे कापडच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास डनमोरच्या काउंटेसने त्याचा उमरावांत प्रसार केला. आणि 1993 च्या कायद्याने असे ठरविले की, त्या बेटांवरील रहिवाशाने आपल्या घरी हाताने विणलेल्या कापडासच ते नाव लावता यावे. तेथील कौतुकास गिऱ्हाइक मिळाले, मागाहून कायद्याचे बळही मिळाले. आमचे कौतुक मात्र भाव ऐकताच थंड होते. आमच्याबरोबरचे एक स्नेही तेथल्या तेथे म्हणाले, "एवढ्यात गिरणीची दोन ब्लँकेटे येतील."

आम्ही त्या वृद्धास विचारले, "मुलगा विणतो का, बाबा?"

"नाई साहेब, पोरगं पुण्याला कंपनीत हाय."

त्याच्या स्वरात खेद नव्हता, अभिमान होता. हळहळले ते आमचे स्नेही. आणि त्यांचे स्वतःचे चिरंजीव इंजिनियर आहेत! कला ही समाजाचा ठेवा आहे, ती टिकली पाहिजे, हे म्हणणे खोटे नाही. परंतु ठेवा सर्वांचा आणि त्याच्या रक्षणासाठी दारिद्र्य मात्र एकट्या सनगराच्या पोराचे, ही वाटणी कोणत्या न्यायाची? त्याने माग सोडला तर त्यास दोष देण्याचा अधिकार आम्हांस पोचत नाही.

म्हणून ती कला खुशाल मरू द्यावी, असेही आम्ही म्हणत नाही. मेंढी आता मुख्यतः मांसासाठी पाळली जाते. कित्येक ठिकाणी कातरलेली लोकर टाकूनच द्यावी लागते. हा नाश थांबावा असे ज्यास वाटते, त्याने भाव करण्यापूर्वी कातरणाऱ्याची, पिंजणारीची, कातणारीची आणि विणणाऱ्याची रोजची मजुरी वेगवेगळी मांडून पाहावी. आणि तेवढ्या दिवसांचे आपण स्वतः काय घेतले असते, तो आकडा शेजारी लिहावा.