वासरू कुणाचं?

'मॅजिक: द गॅदरिंग' हा रिचर्ड गारफील्ड यांचा पत्त्यांचा खेळ 1993 साली आला. त्यात समोरच्याचा प्राणी मंत्राने आपल्या बाजूला ओढून घेता येतो. चौघे खेळत असताना एक जण हरून उठला, तर ओढलेल्या प्राण्यांचं काय होतं? नियम मालकी वेगळी धरतो आणि ताबा वेगळा. उठणाऱ्याचे स्वतःचे पत्ते कुणाच्याही पुढ्यात असले तरी त्याच्याबरोबर जातात. ओढून घेणाराच उठला तर त्याच्या मंत्राचा अंमल संपतो आणि प्राणी मालकाकडे परततो. दुसऱ्याच्या बाद पत्त्यांतून उचलून थेट आपल्याच बाजूने उतरवलेला प्राणी मात्र खेळातून हद्दपार होतो, कुणालाच मिळत नाही. आणि ओढलेल्या प्राण्याच्या बळावर नवे जीव उभे राहिले, तर ते ज्याने उभे केले त्याचे.

हा शेवटचा नियम बीदर-कलबुर्गीच्या शिवारात नेऊन पाहावा. इथे जनावर अर्धेलीने देतात. गाय एकाची, दावण दुसऱ्याची. कडबा, तुरीचं भुसकट, पाणी, रात्रीचं उठणं सगळं पाळणाऱ्याचं. वासराची किंमत निम्मी-निम्मी, नाहीतर एक वेत याचं, एक त्याचं. देवणी गाय अशीच कितीतरी दावणींवरून फिरली असेल. तिला नाव देणारं देवणी गावही 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यातच होतं. हैदराबाद राज्य मोडलं आणि ते तेव्हाच्या मुंबई राज्याकडे, म्हणजे पुढच्या महाराष्ट्राकडे गेलं.

कायदा काय म्हणतो? भारतीय करार कायदा 1872 चा. त्याच्या कलम 163 मध्ये उदाहरणच गायीचं आहे: सांभाळायला दिलेली गाय व्याली, तर वेगळा करार नसल्यास गायीबरोबर वासरूही मालकाला परत करायचं. बिनमोबदला सांभाळायला दिलेली वस्तू असेल तर दोघांपैकी एकाच्या मृत्यूने व्यवहार संपतो, हे कलम 162. सांभाळणाऱ्याला मोबदला ठरलेला नसेल तर त्याचा आवश्यक खर्च मालकाने भरून द्यायचा, हे कलम 158. म्हणजे कडब्याचे पैसे मिळतील. वासरू मिळणार नाही.

या प्रश्नावर याच मातीत फार पूर्वी विचार झाला आहे. विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' लिहिली ती सहाव्या विक्रमादित्य चालुक्याच्या काळात, कल्याणला. ते कल्याण म्हणजे बीदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण. स्मृती म्हणते, आपली वस्तू दुसरा उपभोगतो आहे हे डोळ्यांदेखत पाहून मालक गप्प बसला, तर जमिनीची वीस वर्षांनी आणि इतर धनाची दहा वर्षांनी हानी होते. विज्ञानेश्वर इथे थांबून विचारतो, हानी कशाची? नुसत्या गप्प बसण्याने मालकी कशी जाईल? त्याचं उत्तर असं की वस्तू मालकाचीच राहते, जातं ते फळ. विश्वासाने सोपवलेली ठेव या नियमातून वगळलेली आहे, तेव्हा अर्धेलीच्या गायीला तो जसाच्या तसा लागू होत नाही. पण मूळ वस्तू आणि तिचं फळ यांचे वारस वेगळे असू शकतात, हा विचार मला अतिशय मोलाचा वाटतो. भागीदार परदेशी जाऊन मेला तर त्याचा वाटा आधी वारसांना, मग आप्तांना, परत आलेल्या सोबत्यांना आणि कुणीच नसेल तर राजाला, असा क्रमही तिथे लावलेला आहे. उठून गेलेल्या खेळाडूचा विचार आधी करून ठेवलेला.

माझं मत अर्धेलीच्या बाजूचं आहे. खेळ वासरू पूर्ण पाळणाऱ्याला देतो, कायदा पूर्ण मालकाला. रोज घातलेल्या वैरणीचा हिशेब ठेवून पोटच्या जिवात वाटा देते ती अर्धेली. खेळातल्या पत्त्याला कुणी चारा घालत नाही, म्हणून तिथे एकाचंच नाव पुरतं. पण अर्धेलीत एक उणीव आहे आणि ती गंभीर आहे: बोली बहुधा तोंडीच असते. गायीचा मालक वारला, मुलगा पुण्याहून किंवा हैदराबादहून आला आणि त्याने दावं सोडलं, तर पाळणाऱ्या बाईच्या हातात काय उरतं? कायदा वेगळ्या कराराला मान देतो, पण तो करार ऐकलेला माणूसच गेलेला असतो. म्हणून गाय देतानाच, दोन शेजाऱ्यांच्या समोर, तिची त्या दिवसाची किंमत आणि दोघांपैकी एक नसला तर पुढच्या वेताचं काय, एवढं वहीच्या एका पानावर मराठीत, कन्नडमध्ये, ज्याला जे वाचता येतं त्यात लिहून दोघांनी सही किंवा अंगठा करावा.