मोजा

मराठीत ‘मोजा’ दोन आहेत. एक पायात घालायचा, फारसीतून आलेला. दुसरा घरचा, आज्ञार्थी: किती अंतर झालं ते मोजा. लांब पळणारा दुसऱ्याच्या नादात पहिल्याला विसरतो. तिसाव्या किलोमीटरला पहिला दुसऱ्याची बोलती बंद करतो.

*

धाराशिवभोवती पळायला वाटा उदंड. हातलाईचा डोंगर, लेण्यांकडचे चढउतार, येडशीच्या रामलिंगाकडचं रान, तुळजापूरच्या घाटाखालचे माळ. बालाघाट इथं फार उंच होत नाही, पण सपाटही राहत नाही. तासाभरात मुरूम, खडक, पाणंदीतली काळी माती आणि कुसळी गवत पायाखालून जातं. 2023 साली जिल्ह्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं. पाट्या बदलल्या, वाटेवरचे खडे जुनेच.

*

पोलीस भरतीची पोरं पहाटे रस्त्यावर पळतात. 1600 मीटर. कुणी अनवाणी, कुणाच्या पायात शाळेतला मोजा, इलॅस्टिक गेलेला. त्यांचं काही अडत नाही.

1600 मीटर जिद्दीवर पळता येतात. पन्नास किलोमीटर कातडीवर पळावे लागतात.

*

फोड कसा येतो हे कळायला मला बरेच फोड लागले. वाटायचं, मोजा वरून घासतो आणि कातडी सोलवटते. खरा प्रकार आत चालतो. घामेजलेली कातडी मोज्याला चिकटते, मोजा बुटाला. पाऊल टेकलं की आतलं हाड पुढं सरकतं, कातडी मात्र जागेवरच अडून बसते. या ओढाताणीत मधला थर उसवतो आणि उसवलेल्या जागी पाणी भरतं. वरचा थर तोवर शाबूत असतो.

भावकीतली भांडणंही अशीच. बांध जागच्या जागी असतो, माणसं आतून फाटलेली असतात.

*

‘तळहातावरच्या फोडासारखं जपणं’ असं आपण म्हणतो. तळपायावरच्या फोडाला भाषेत जागा नाही. त्याच्यावर उभं राहून सगळे पुढं जातात.

*

तेर इथून जवळच. जुनं नाव तगर. पहिल्या शतकात एका ग्रीक माणसानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापाराच्या वर्णनात ते येतं: पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं गाव, जिथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जातं. साधं कापड, तलम कापड, नाना प्रकारचं. त्याच तेरच्या वाटेवर पळताना मी सुती मोजा कटाक्षानं टाळतो.

कापसाचा यात दोष नाही. त्याचा गुणच इथं आडवा येतो. दोष टाकून देता येतो; आडव्या आलेल्या गुणाचं काय करायचं, हे लवकर सुचत नाही.

*

तुळजापूरपासून सोलापूर पंचेचाळीसेक किलोमीटर. सोलापूरचा टॉवेल पाणी पितो आणि धरून ठेवतो, म्हणून त्याचं नाव झालं. सुती मोजाही तेच करतो, म्हणून त्याचं नाव बद्दू झालं. अंग पुसायला पाणी धरणारा हवा, पळायला पाणी सोडणारा.

*

रशियन सैनिक 2013 पर्यंत मोज्याऐवजी पायाला चौकोनी फडकं गुंडाळत. त्या साली त्यांच्या संरक्षणमंत्र्यांनी ती पद्धत मोडीत काढली. फडक्याची एक सोय होती: पायाकडचं टोक ओलं झालं की सोडायचं, उलटं गुंडाळायचं, कोरडं टोक आत. आपण असं गुंडाळणं मुंडाशापुरतंच ठेवलं. डोक्याला नऊ वार कापड दिलं, पायाला धूळ.

*

मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा लोकरीचा मोजा म्हटलं की लोक हसतात. पण धनगर भर पावसात घोंगडी घेऊन उभा राहतो तो उगाच नाही. लोकरीचा तंतू आपल्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा पोटात घेतो आणि तरी हाताला ओला लागत नाही. घोंगडीची दख्खनी लोकर जाडीभरडी, बोचरी. मोज्याला मेरिनो मेंढीची बारीक लोकर लागते. नायलॉनचा धागा जोडीला असला की टाचेला टिकते.

ओलावा पोटात ठेवायचा आणि वरून कोरडं दिसायचं, हे कसब मी आमच्याकडच्या बायांतही पाहिलं आहे.

*

पावसाळा सरला की माळावर कुसळं पिकतात. बी टोकदार, मागं लांब शेपूट. ओल लागली की शेपटाचा पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो. त्या पिळापिळीत बी मातीत शिरतं. कुसळाला माती आणि मोजा सारखेच. घाम माझा, पीळ त्याचा, आणि गवताला चार कोस पुढं बी पोचवणारा फुकटचा हमाल मिळतो.

एकदा बांधावर बसून मोज्यातली कुसळं काढत होतो. शेळ्यांमागं आलेली म्हातारी थांबली.

“कशाला पळायलास रं बाबा? कुणी मागं लागलंय का?”

“नाही आजी. असंच.”

“मग थांब की जरा. असंच.”

*

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, म्हणतात. आपल्या मोज्यातलं दिसत नाही, नुसतं कळतं. मोजा उलटा केल्याशिवाय ते सापडत नाही.

*

बोटांवरची शिवण टोचते म्हणून काहीजण मोजा उलटा घालतात. बघणारा त्यांना वेंधळा म्हणतो. बोटं काही म्हणत नाहीत, आणि पळणाऱ्याला तेवढंच हवं असतं.

*

‘फ्री साइज’ म्हणजे मापाची जबाबदारी पायावर ढकललेली. सैल मोज्याला चुणी पडते, आणि पहिल्या किलोमीटरला जी नुसती चुणी असते ती विसाव्याला सुरी होते. घट्ट मोजा बोटांना एकमेकांवर चढवतो. त्यात पाय पळता पळता फुगतो. सकाळी बसलेला मोजा दुपारी काचतो.

म्हणून माप थकलेल्या पायाचं घ्यावं. ताजा पाय कुठल्याही मोज्याला हो म्हणतो.

*

पाच बोटांचे मोजे निघालेत. प्रत्येक बोटाला स्वतंत्र खोली. बोटांचं एकमेकांत घासणं थांबतं. वेगळी चूल म्हणजे वैर नव्हे, हे एकत्र कुटुंबाला कळायला दोन पिढ्या जातात, पायाला एक पावसाळा पुरतो. घालायला मात्र वेळ लागतो. करंगळी हमखास बाहेर राहते.

आमच्याबरोबर पळणाऱ्या एका बाईंनी विचारलं, “जोडव्यांचं काय?” दुकानदाराला हा प्रश्न नवा होता. मोजा विणणाऱ्यालाही असावा. त्या आता पळायला निघताना जोडवी काढून ठेवतात. सासूबाई पहिल्या दिवशी काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी जोडवी ठेवायला वाटी पुढं केली.

*

तेरच्या गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी तपासली, कोणतं मडकं पक्कं आणि कोणतं कच्चं ते सांगितलं, अशी कथा आहे. मोज्याचं थापटणं म्हणजे तीस किलोमीटर. त्याआधी दिलेला दाखला खोटा.

कच्चं मडकं पाणवठ्यावर नेऊ नये. नवा मोजा शर्यतीला घालू नये.

गोरोबांची दुसरी कथा मी पळताना विसरत नाही. नामात रंगून चिखल तुडवत होते, आणि पायाखाली लेकरू आलं. तेरच्या वाटेवर मी कानात गाणी घालत नाही.

*

घटस्थापनेच्या सुमारास तुळजापूरहून निघणारे रस्ते ज्योतींनी भरतात. गावोगावची मंडळं येतात, देवीच्या दारात मशाल पेटवतात आणि पळत गावाकडं नेतात. सोलापूरकडं, लातूर-बीडकडं, कर्नाटकात. कुणाचं गाव पन्नास किलोमीटर, कुणाचं दोनशे. मागं टेम्पो, टेम्पोत देवीचा फोटो आणि स्पीकर. पळणारे बहुतेक अनवाणी. एका वर्षी मी महागाचे मोजे घालून त्यांच्या शेजारून थोडं अंतर पळालो, आणि मान खाली घातली.

मान खाली होती म्हणून त्यांचे पाय नीट पाहिले. पोरगं किलोमीटर-दोन किलोमीटर पळतं. दम लागला की ज्योत दुसऱ्याच्या हातात, हे टेम्पोत. दोनशे किलोमीटर ज्योत पळते. पाय कुणाचेच तेवढे पळत नाहीत. घासणं तेवढंच, पण वीस-पंचवीस जोड पायांत वाटलेलं.

भक्तीनं फोड येत नाहीत असं ऐकलं होतं. वाटणीनं येत नाहीत, असं दिसलं.

*

दुहेरी मोजा हीच युक्ती करतो. आतला थर कातडीबरोबर राहतो, बाहेरचा बुटाबरोबर. जे घासायचं ते दोघं एकमेकांत घासून घेतात. चांगला मोजा घासणं थांबवतो अशी माझी समजूत होती. घासणं थांबत नाही. ते कुणाच्या तरी अंगावर पडतंच. चांगला मोजा ते आपल्या अंगावर घेतो.

मोज्याला पडलेलं भोक म्हणजे टाचेला न पडलेलं भोक.

एकट्यानं पळणाऱ्याला ज्योत द्यायला पुढचा हात नसतो. म्हणून त्याला मोजा लागतो.

*

कोजागरीला सोलापूरहून लोक रात्रभर चालत तुळजापूरला येतात. यात पाळी नसते. पंचेचाळीस किलोमीटर ज्याचे त्यानं चालायचे. काहींच्या पायात नुसते मोजे असतात, चप्पल नाही. नवस अनवाणी चालण्याचा. मोज्याला देवी चप्पल धरत नाही, अशी त्यांची खात्री. रस्त्यावर जागोजागी ओळख ना पाळख अशी माणसं चहा, पाणी, फराळ घेऊन उभी असतात. चालणं वाटून घेता येत नाही, म्हणून ती रात्र वाटून घेतात.

*

दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की तुळजाभवानी कोजागरीच्या पौर्णिमेपर्यंत पलंगावर निद्रा घेते. या निद्रेला श्रमनिद्रा म्हणतात. महिषासुराशी लढून देवीलाही श्रम होतात, हे या गावानं शास्त्र म्हणून मान्य केलं आहे. आणि मी पन्नास किलोमीटरच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजे चढवतो.

म्हातारी बरोबर म्हणाली होती.

*

मशालीच्या टोकाला जुन्या सुती कापडाचा बोळा बांधतात. तो तेल पितो आणि धरून ठेवतो. नायलॉन तिथं वितळून जाईल. माझ्या पायात आडवा आलेला कापसाचा गुण तिथं उजेड होतो.

जुना मोजा मात्र त्या बोळ्यात कुणी घालणार नाही. पायाचं ते पायाचं.

ज्योत गावात शिरते तेव्हा बाया तांब्या-ताट घेऊन वेशीत उभ्या असतात. आधी पोरांच्या पायांवर पाणी पडतं, मग ज्योतीला कुंकू लागतं. क्रम बरोबर आहे.