एकादशीचा जमाखर्च

ज्या संताने एकादशीव्रताचा एवढा आग्रह धरला, त्याच तुकोबांचे नाव कासारसाईच्या सहकारी साखर कारखान्यास लाभावे, या योगाचे मला पूर्वी केवळ कौतुक वाटे; परंतु एका कार्तिकीस मधुमेही आत्याकडे उतरलो असता त्यातील कोडे ध्यानात आले. बाहेर उसाच्या गाड्यांची रीघ, वाऱ्यावर मळीचा आंबूस दर्प, आणि ताटात साबुदाण्याची खिचडी, वरईचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा गोड कीस! जेवणानंतर दोन तासांनी आत्याने बोट टोचून यंत्र पाहिले आणि म्हणाली, "बघ, रोजच्या भाकरीला साखर एवढी चढत नाही."

यात नवल नाही. साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदाचे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात तंतू नाहीत, प्रथिने नाहीत, त्यामुळे आतड्यात त्याचे ग्लुकोज होण्यास विलंब लागत नाही आणि दुर्बळ स्वादुपिंडाकडून तेवढ्या त्वरेने इन्शुलिनची तजवीज होत नाही. खिचडीत हितकर असे काही असेल तर दाण्याचे कूट. त्यातील स्निग्धांश व प्रथिने जठर सावकाश रिते होऊ देतात, म्हणून साखर हप्त्याहप्त्याने रक्तात रुजू होते. निरनिराळ्या अन्नांची ही चाल मोजण्याचे कोष्टक डेव्हिड जेनकिन्स यांनी 1981 साली टोरंटोत मांडले.

गंमत अशी, की कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, पोर्तुगीजांबरोबर इकडे आलेला. तेव्हा प्राचीन धर्मशास्त्रकारांनी तो पाहिलाही नसणार, त्यास सवलत देणे तर दूरच. उलट चरकाने प्रमेहाच्या कारणांत सुखासीन बैठक, नवे धान्य, दही आणि गुळाचे पदार्थ मोजले व रोग्यास जव खावयास सांगितले. आणि गीतेच्या सहाव्या अध्यायाने अति खाणाऱ्याबरोबर मुळीच न खाणाऱ्यासही योग नाकारला. या दोघांची दृष्टी खाणाऱ्यावर आहे. आमच्या शिरस्त्याची मात्र पदार्थांच्या यादीवर. जिभेला आवर घालण्यासाठी निघालेल्या व्रताने जिभेसाठीच निराळा मुदपाकखाना उघडावा, याला मी तरी भक्ती म्हणावयास धजत नाही.

हे मी आत्यास, अर्थात सौम्य शब्दांत, सांगितले. तिने ऐकून घेतले, आणि विचारले, "वरईसुद्धा गवताचंच बी ना रे? तिला मुभा, मग ज्वारीनं काय पाप केलं?"

मजपाशी उत्तर नव्हते. मी मुकाट्याने तिच्या सुपातले शेंगदाणे सोलू लागलो.