अभिमान कुणाचा, जागा कुणाची

आळी-पेठांचे महोत्सव आता शहराशहरांत भरू लागले आहेत. जुन्या वाड्यांची सफर होते, खाऊगल्ली लागते, ज्येष्ठांचे सत्कार होतात. भरवणाऱ्यांचं म्हणणं असं की, आधी रहिवाशांना वस्तीचा अभिमान वाटू द्या, मग ते आपोआप तिच्या कारभारात उतरतील. १८९३च्या सार्वजनिक गणेशोत्सवाचा दाखला हटकून दिला जातो. मला त्यातलं ‘आपोआप’ मुळीच मान्य नाही. तिरुवैयारूचा इतिहास त्याच्या उलट साक्ष देतो.

तंजावरजवळचं, कावेरीकाठचं हे गाव. तंजावरच्या सरफोजी राजांचं बोलावणं इथल्या त्यागराजांनी, कर्नाटक संगीतातल्या थोर संतरचनाकाराने, नाकारल्याची कथा आपल्याकडेही सांगतात. त्यागराज ६ जानेवारी १८४७ रोजी गेले आणि पुढे त्यांच्या समाधीची दुर्दशा झाली. १९०३मध्ये उमयाळपुरमच्या कृष्ण आणि सुंदर भागवतरांनी तिची डागडुजी केली. काही वर्षांत आराधनेचा, म्हणजे त्यांच्या पुण्यतिथीचा, उत्सव उभा राहिला, आणि त्यात थोरला व धाकटा असे दोन पक्षही पडले. अभिमानाला तोटा नव्हता, गवयांची रीघ होती. पण बायकांनी समाधीपुढे गायचं नाही, हे दोन्ही पक्षांना मान्य होतं. समाधीच्या आवाराकडे मात्र पुन्हा दुर्लक्षच झालं.

ते आवार सावरलं बेंगळूरु नागरत्नम्मांनी. त्या तिथल्या नव्हेत. मद्रासला नावारूपाला आलेल्या, देवदासी परंपरेतल्या गायिका. तंजावरच्या प्रतापसिंह राजांच्या दरबारातली कवयित्री मुद्दुपळनी, तिचं ‘राधिका सांत्वनमु’ त्यांनी १९१०मध्ये पुन्हा छापलं आणि सरकारने त्यावर बंदी घातली. ती लढाई अंगावर घेणारी बाई समाधीची अवस्था पाहून हळहळून थांबणारी नव्हती. त्यांनी जागा मिळवली, स्वतःची मिळकत ओतली, १९२१मध्ये मंदिराचं काम सुरू केलं. ते पुरं झालं तरी उत्सवात त्यांना गाता येईना. तेव्हा १९२७पासून त्यांनी समाधीच्या मागच्या बाजूला बायकांची वेगळी आराधना मांडली. समोर पुरुषांचे दोन पक्ष, मागे बायकांचा तिसरा. १९४०च्या सुमारास तट मिटले आणि बायका समाधीपुढे गाऊ लागल्या.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे: हा भक्तीचा मामला, यात नागरिकपण कुठून आलं? मी म्हणतो, पुरेपूर आहे. जागेचे कागद करणं, बांधकामावर पैसा लावणं, कोण आत येईल आणि कोण गाईल यावर वर्षानुवर्षं भांडणं, सार्वजनिक कारभार याहून निराळा काय असतो? उलट मला खटकतं ते दुसरंच. जिने जागा मिळवून मंदिर बांधलं तिलाही तिथे गाण्यासाठी इतकी वर्षं झगडावं लागलं. मग जिच्याकडे ना पैसा ना नाव, अशा बाईने काय करायचं?

इथे मात्र उत्सववाल्यांचं थोडं ऐकावं लागतं. आराधनाच नसती, तर नागरत्नम्मांनी हक्क कशावर सांगितला असता? उत्सवामुळेच त्यांना वगळलं जाणं उघड्यावर आलं, साऱ्या गावादेखत. तिरुवैयारूचाच दुसरा उत्सव पाहा: तमिळ चित्तिरै महिन्यातल्या सप्तस्थान उत्सवात गावच्या शिवाची, अय्यारप्परची पालखी शेजारच्या सहा गावांना जाते. तिल्लैस्थानम असो की तिरुक्कंडियूर, प्रत्येक गाव तिच्या वाटेवरचं ठाणं आहे, आणि पालखी दारी येणार म्हटल्यावर आपला वाटा कोणता हे गावाला विचारावं लागत नाही. असा वाटा ज्या उत्सवात आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. रहिवाशांना खुर्च्या देऊन प्रेक्षक करणाऱ्या उत्सवाशी आहे.

मग आपल्या पेठांनी काय करावं? ७४व्या घटनादुरुस्तीने तीन लाख आणि त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या आहेत. पेठेच्या महोत्सवाची पत्रिका छापताना प्रभाग समितीच्या पुढच्या बैठकीची तारीख तिच्यावर छापा. वर्गणीचा हिशेब मांडवाच्या दारात लावा. आणि पेठेत भाड्याने राहणारे, धुणीभांडी करायला येणाऱ्या बाया, काल राहायला आलेलं बिऱ्हाड यांच्यापैकी किती जण संयोजन समितीत आहेत, हे त्याच फलकावर लिहा.