नेम

वेळ पुरत नाही, असं जो तो म्हणतो. पण पुरून उरलेला वेळ तरी सुख देतो का? पूर्वी आम्ही केळीला दांडानं पाणी भरायचो. लाईट रात्रीची, म्हणून रात्र वावरातच जायची. मग ठिबक आलं. आता मोटार घरबसल्या मोबाईलवरून चालू होते. गावाचे किती तास वाचले! ते गेले कुठं? त्याच मोबाईलमध्ये, नाहीतर पारावर कापसाच्या भावाची तीच ती चर्चा करण्यात.

मला वाटतं, सुख मोकळ्या वेळात नसतं, नेमलेल्या वेळात असतं.

धुळ्याच्या तुरुंगाचंच पाहा. साल १९३२. सत्याग्रहात पकडलेली माणसं आत होती. विनोबा होते, आमच्या अमळनेरच्या शाळेत शिकवलेले साने गुरुजी होते. गजाआड वेळच वेळ. पण तो आपला नाही, सरकारच्या ताब्यातला. विनोबांनी त्यातला रविवार धरला. २१ फेब्रुवारीला ते गीतेच्या पहिल्या अध्यायावर बोलले, १९ जूनला अठराव्यावर. १८ रविवार, १८ अध्याय. मधला एक रविवार चुकला नाही. गुरुजी ते लिहून घ्यायचे, म्हणून ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हाती आहे. शिक्षा कुणाची एका दिवसानंही कमी झाली नाही. पण आठवड्याला एक तोंड आलं. वाट पाहायला काहीतरी झालं.

आपल्याकडे ‘नेम’ शब्दाचे दोन अर्थ आहेत. न चुकता करायची गोष्ट हा नेम, आणि पाखरं उडवताना गोफणीनं धरतो तोही नेम. वेळेलाही दोन्ही लागतात.

कुणी म्हणेल, भाऊ, कैद्यांना रविवार तरी होता; रोजानं निंदायला जाणाऱ्या बाईला कुठला? खरं आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींचे हात घर, वावर आणि जात्यात गुंतलेले. गाणं उमटायचं ते कामातच. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. सोपानदेवांनी, त्यांच्या लेकानं, जेवढं जपलं तेवढं त्या गेल्यावर १९५२ साली पुस्तकात आलं. यावरून बायांनी राबत राबतच सुख शोधावं, असा अर्थ कुणी काढू नये. मी उलटा काढतो. आपला वेळ मोकळा होतो तेव्हा कुणाचे हात गुंतलेले असतात, हे आधी पाहावं. दुसऱ्याच्या कष्टावर धरलेला नेम खोटा.

आमच्या घरी दिवेलागणीनंतर अर्धा तास ओट्यावर बसायचा नेम आहे. मी आणि नातवाची आजी. मोबाईल आत राहतो. तिला मोकळं बसता यावं म्हणून धारा मी काढतो, भांडी नातू घासतो. बोलायला काही नसलं तरी बसायचं. कधी ती माहेरचं सांगते, कधी आम्ही नुसते समोरच्या निंबाकडे पाहतो. पण दुपारच्या उन्हात वखर हाकताना मन त्या अर्ध्या तासाकडे लागलेलं असतं, आणि मग ऊनही थोडं कमी वाटतं.

पाऊस, भाव, लाईट, काहीच आपल्या हातात नाही. अर्धा तास बहुतेकांच्या हातात असतो. तो कुणासाठी ठेवायचा, हे सकाळीच ठरवावं. संध्याकाळपर्यंत तो कुणीतरी घेऊन गेलेला असतो.