नक्कल आणि अक्कल

नक्कल करायलाही अक्कल लागते, असं आमचे हेडक्लार्क म्हणत. आता लागत नाही. एका वहीतले आकडे दुसऱ्या वहीत उतरवायचं काम एक्सेलमध्ये दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट करते. भाचा तिला 'मॅक्रो' म्हणतो. फाइल उघड, रकाना उचल, तिकडे चिकटव, बंद कर. चहा निवायच्या आत महिन्याचं काम खलास! आणि तिला ना बढती हवी, ना किरकोळ रजा.

इतकं आज्ञाधारक कुणी दिसलं की मला भीतीच वाटते. २०२० च्या सप्टेंबरअखेरीस इंग्लंडात प्रयोगशाळांकडून आलेल्या कोरोनाच्या नोंदी अशाच आपोआप एक्सेलमध्ये जात होत्या. फाइल जुन्या पद्धतीची. तिच्यात मावतात ६५,५३६ ओळी. पुढच्या नोंदी बाहेरच राहिल्या. १५,८४१ बाधित रोजच्या आकड्यांतून गळाले, आणि त्यांच्या सहवासात आलेल्यांना सावध करायला उशीर झाला.

आता दोष कुणाचा? स्क्रिप्टनं सांगितलं तेवढं इमानानं केलं. आमच्या कचेरीतला कारकून चुका शंभर करी, पण रजिस्टर भरलं की ओरडे, "साहेब, पानं संपली!" कंटाळलेला माणूस निदान मान वर करतो. स्क्रिप्टला कंटाळाच नाही.

तेव्हा कष्ट यंत्राला खुशाल द्यावेत. 'तिकडे किती होते, इकडे किती आले?' हा प्रश्न मात्र आपला.

"मामा, तोही मॅक्रोत घालता येतो," भाचा म्हणतो.

येतो ना! पण आधी तो कुणाला तरी सुचावा लागतो. आणि सुचतो त्यालाच, ज्याला ओळीमागे माणूस दिसतो.