अनुमानास प्रत्यक्षाचा वेष

आपल्या नैयायिकांनी ज्ञानाची साधने निरनिराळी मांडून ठेविली आहेत. इंद्रियांना जे साक्षात गोचर होते ते प्रत्यक्ष. दिसलेल्या खुणेवरून न दिसलेल्या वस्तूचा निश्चय करणे ते अनुमान. आणि आप्त, म्हणजे विश्वासार्ह, पुरुषाने सांगितलेले ते शब्दप्रमाण. अनुमानाचे त्यांचे ठरीव उदाहरण सर्वांस ठाऊक आहे: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी असला पाहिजे. या उदाहरणातील मर्म अग्नीत नसून धुरात आहे. अनुमान करणाऱ्याने आधी धूर दाखविला पाहिजे. धूर न दाखविता जो ‘तेथे अग्नी आहे’ असे म्हणतो, त्याचे म्हणणे योगायोगाने खरे ठरले तरी त्याने ऐकणाऱ्यास ज्ञान दिले असे होत नाही. फार तर एक समजूत दिली असे म्हणता येईल. सांप्रत घरोघरी मोठ्या आवडीने पाहिल्या जाणाऱ्या एका चित्रप्रकाराविषयी विचार करताना हा जुना नियम आठवावा असे आम्हांस वाटते. तो प्रकार म्हणजे संगणकाच्या साहाय्याने हुबेहूब निर्माण केलेल्या डायनासोरांचे निसर्गपट.

या चित्रांचा इतिहास फार मोठा नाही. १९९३ साली ‘जुरासिक पार्क’ हा चित्रपट निघाला तेव्हा त्यातील प्राणी पाहून जग थक्क झाले. परंतु ती उघड उघड कादंबरीवर आधारलेली कथा होती आणि प्रेक्षक तिला कथा म्हणूनच पाहत होते. १९९९ साली बीबीसीने ‘वॉकिंग विथ डायनासोर्स’ ही मालिका दाखविली आणि तेथे निराळे वळण लागले. मालिकेची मांडणी आफ्रिकेतील सिंहांवरील किंवा हत्तींवरील माहितीपटासारखीच होती. निवेदक शांत स्वरात वर्तमानकाळी बोलतो: ‘ही मादी भुकेली आहे’, ‘हा नर आपली हद्द राखीत आहे.’ पुढे २०२२ व २०२३ साली ‘प्रिहिस्टॉरिक प्लॅनेट’ या मालिकेत ही कला फारच पुढे गेली. तिचे निवेदन सर डेव्हिड ॲटनबरो यांचे आहे. ज्या आवाजाने १९७९ साली खऱ्या गोरिलांच्या सान्निध्यात बसून जगाला गोरिला दाखविले, तोच आवाज येथे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्यांची वार्ता सांगतो. म्हणजे वस्तुतः जे अनुमान, त्याला रूप प्रत्यक्षाचे मिळाले आणि मुद्रा आप्तवाक्याची लागली. धूर मात्र पडद्यामागे राहिला.

हा प्रश्न परदेशातील प्राण्यांचा आहे, आपणांस त्याचे काय, असे कोणी म्हणू नये. २०२३ च्या भागांतील एक प्रसंग आपल्याच दख्खनचा आहे. ज्वालामुखीने भाजून निघालेल्या भूमीत आयसिसॉरस नामक प्रचंड प्राण्याच्या माद्या अंडी घालावयास येतात, आणि पुढे त्यांची पिले त्या भयाण प्रदेशातून जीव वाचविण्याची धडपड करतात, असे ते दृश्य आहे. तो लाव्हा आम्हांस दूरचा नाही. अंबरनाथ पूर्वेस घराच्या गच्चीवरून मलंगगडाचे जे कडे दिसतात ते त्याच लाव्हाचे थर होत. वालधुनीच्या काठी शके ९८२ मध्ये, म्हणजे इ. स. १०६० मध्ये, शिलाहारांच्या राज्यात उभे राहिलेले शिवालय ज्या काळ्या दगडात कोरले आहे तोही त्याच जातीचा. तथापि आमच्या या कोकणपट्टीत त्या लाव्हाने सांभाळून ठेविलेला प्रसिद्ध प्राणी कोणता म्हणाल, तर एक लहानसा बेडूक! मुंबई बेटावर, वरळीच्या बाजूस, लाव्हाच्या थरांमधील गाळात त्याचे सांगाडे सापडले. आणि ज्या रिचर्ड ओवेन यांनी १८४२ साली डायनासोरांना त्यांचे नाव दिले, त्यांनीच १८४७ साली या मुंबईकर बेडकाचे वर्णन केले.

आयसिसॉरसचा शोध लागला तो चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे जैन व बंद्योपाध्याय यांनी १९८४ ते १९८६ या काळात तेथे काम केले, १९९७ साली त्या प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि २००३ साली त्याला त्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून आजचे नाव मिळाले. मानेचे, पाठीचे व शेपटीचे मणके, बरगड्या, कमरेची हाडे, खांदा, पुढचा एक पाय असा पुष्कळ भाग हाती आला. या जातीच्या प्राण्यांत इतका सांगाडा मिळणे हेच मोठे भाग्य. परंतु डोके मिळाले नाही. मागचे पाय मिळाले नाहीत. आता पडद्यावरील प्राणी पाहावा: त्याला डोके आहे, डोक्यात डोळे आहेत, कातडीला रंग आहे, कंठाला आवाज आहे, आणि चारही पायांवर तो डौलाने चालतो. यातील पुढचा पाय डोंगरगावच्या मातीतून आला आहे. मागचा पाय त्याच्या भाऊबंदांच्या हाडांवरून ठरविला आहे. आणि रंग व आवाज हे बहुतांशी चित्रकाराच्या बुद्धीतून निघाले आहेत. तीन निरनिराळ्या योग्यतेच्या गोष्टी एकाच कातडीखाली अशा बेमालूम शिवल्या आहेत की, शिवण कोठे आहे हे तज्ज्ञावाचून कोणास कळू नये.

यावर उत्तर मिळेल की, चित्रकाराने मनचे काही घातलेले नाही. तो शास्त्रज्ञांस विचारूनच काढतो. हे बऱ्याच अंशी खरे आहे, आणि ते मान्य न करणे अन्यायाचे होईल. १९९६ साली चीनमध्ये पिसांसारखे आवरण असलेला डायनासोर सापडला. २०१० साली अशाच आवरणातील रंगकणांच्या आकारावरून त्याच्या शेपटीचे तांबूस पट्टेही ओळखता आले. घरट्यांविषयी म्हणावे, तर मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यातून ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदली गेल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले आहे. तेव्हा अनुमान म्हणजे निव्वळ गप्पा असे आमचे म्हणणे मुळीच नाही. उलट, अनुमान ही मनुष्यबुद्धीची एक थोर शक्ती आहे असे आम्ही मानतो. आणि म्हणूनच तिची वाट झाकून टाकणे आम्हांस खटकते.

ती वाट किती सुंदर असू शकते, याचे एक उदाहरण डोंगरगावाजवळच्याच पिसदुरा या गावाने दिले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी तेथून हाडे गोळा केली. त्या शेतांत दगड झालेल्या विष्ठेचे गोळेही विपुल सापडतात. १९३९ साली मॅटली यांनी त्यांवर स्वतंत्र निबंध लिहिला. अशा घाणेरड्या वाटणाऱ्या वस्तूकडे सामान्य मनुष्य ढुंकून पाहणार नाही. पण गवताच्या पेशींत सिलिकेचे सूक्ष्म कण साचतात, ते पोटात पचत नाहीत, आणि प्रत्येक कुळाच्या गवतात त्यांचा आकार वेगळा असतो. लखनौच्या वंदना प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते कण या गोळ्यांत ओळखले, आणि २००५ साली जाहीर केले की, या प्राण्यांच्या पोटात किमान पाच प्रकारचे गवत गेले होते. त्यांत भाताच्या कुळाशी नाते सांगणारेही होते. तोपर्यंत डायनासोरांच्या काळी गवत नव्हते अशी सर्वसाधारण समजूत होती. १९९९ च्या मालिकेकरिता चित्रण करणाऱ्यांनी तर बिनगवताची स्थळे जगभर मुद्दाम शोधून काढली होती.

येथे वाचकांनी क्षणभर थांबून विचार करावा. ती गवत नसलेली राने कोट्यवधी लोकांनी पाहिली. ‘गवत नव्हते’ हे वाक्य निवेदकाने उच्चारण्याची गरजही नव्हती. चित्रानेच ते मुकाट्याने सांगितले. प्रेक्षकांनी ते ऐकल्यावाचून मानले, आणि आपण काही मानले आहे याची त्यांस जाणीवही झाली नाही. पुढे निदान त्या युगाच्या अखेरीस, निदान आपल्या भूमीवर, ते खरे नव्हते असे दिसून आले. चूक झाली याचा दोष आम्ही देत नाही. त्या वेळच्या ज्ञानाप्रमाणे ती काळजीच होती. दोष आहे तो असा की, शब्दांत केलेले विधान तपासता येते, खोडता येते. चित्रात विरघळलेले विधान मनात शिरते आणि तेथे अनुभव म्हणून राहते. ‘मी वाचले’ असे म्हणणारा मुलगा उद्या दुसरे वाचील. ‘मी पाहिले’ असे म्हणणाऱ्याची समजूत कोण काढणार?

कल्पना करणे यात काही गैर नाही, हे आपल्याच चित्रपटकलेच्या जनकाने फार पूर्वी दाखविले आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ च्या सुमारास ‘अंकुराची वाढ’ नावाचे छोटे चित्र केले. रोज थोडे थोडे चित्रण करून वाटाण्याच्या वेलाची वाढ त्यांनी काही क्षणांत दाखविली. काळ आवळला होता, परंतु वेल खरा होता. त्याच फाळक्यांनी १९१७ साली ‘लंकादहन’ केले आणि मारुतीला आकाशातून उडविले. त्या दृश्यापुढे भाविकांनी हात जोडले. पण मारुतीचे उड्डाण कॅमेऱ्याने टिपलेला सृष्टिव्यवहार आहे असा दावा फाळक्यांनी केला नाही. एक निसर्गपट होता, दुसरे आख्यान होते, आणि दोहोंचा सूर निराळा होता. आजचा घोटाळा उत्पन्न होतो तो आख्यान निसर्गपटाच्या सुरात गायिले जाते म्हणून.

लंडनच्या क्रिस्टल पॅलेस उद्यानात १८५४ साली डायनासोरांचे पुतळे उभारले गेले. त्यांतील इग्वॅनोडॉनच्या नाकावर एक शिंग बसविलेले आहे. पुढे १८७८ पासून बेल्जममधील खाणीत संपूर्ण सांगाडे मिळाले तेव्हा ते शिंग नसून अंगठ्याचे नख आहे असे ठरले. पुतळा अद्याप तसाच आहे, आणि त्याने कोणाचे फारसे नुकसान केलेले नाही. कारण सिमेंट-विटांचा पुतळा आपण पुतळा असल्याचे लपवीत नाही. त्याच्याकडे पाहणारा म्हणतो, ‘त्यांना हे असे वाटले.’ पडद्यावरील प्राण्याकडे पाहणारा म्हणतो, ‘हे असे होते.’ या दोन वाक्यांतले अंतर हाच आमच्या प्रतिपादनाचा विषय होय.

प्राचीन वास्तूंच्या बाबतीत हा नीतीचा प्रश्न पूर्वीच पुढे आला आणि त्याचे उत्तरही शोधले गेले. अंबरनाथच्या शिवालयाच्या गाभाऱ्यावरील शिखर आज पूर्ण नाही. उरलेल्या नक्षीवरून आणि त्या शैलीच्या इतर देवळांवरून ते कसे असावे याचा तर्क जाणकार करू शकतात, आणि आजच्या यंत्रांनी तसा दगड घडविणेही कठीण नाही. तरीही नवे शिखर घडवून, जुने भासावे असे काळवंडवून, तेथे चढवावे असे कोणी सुचविल्यास ते आपणांस रुचणार नाही. १९२३ साली पुरातत्त्व खात्याच्या सर जॉन मार्शल यांनी जी नियमपुस्तिका तयार केली, तिचे धोरणच हे होते की, जे उरले आहे ते जपावे. नवे घडवून जुन्याची जागा भरण्याची हाव धरू नये. शिखराच्या जागी जी उणीव दिसते तीही इतिहासाचाच भाग आहे. कागदावर त्या शिखराचे चित्र कोणी काढले तर आम्ही आनंदाने पाहू. कारण कागद कागदच राहतो. दगडाला जो प्रामाणिकपणा आपण लावतो, तो हाडांना लावू नये असे कोणते कारण आहे?

कोणी म्हणेल, मुलांना निव्वळ हाडे दाखविली तर ती कंटाळतील. आधी गोडी लागू द्या, चिकित्सा मागाहून येईल. या म्हणण्यात वजन आहे. पुष्कळ मुलांच्या मनात शास्त्राची पहिली ओढ या चित्रांनीच उत्पन्न केली असेल. परंतु गोडी कशाची लागते हे पाहिले पाहिजे. आमच्या घरांतील मुलांना आयसिसॉरसचा आवाज ठाऊक असतो. पिसदुरा ठाऊक नसते. जो आवाज कोणाही माणसाने कधी ऐकला नाही तो ओळखीचा होतो, आणि ज्या शेतात आगगाडीने जाऊन उभे राहता येईल ते शेत अनोळखी राहते. शास्त्राची खरी गोडी उत्तराहून उत्तराच्या शोधात अधिक असते. शेणाच्या गोळ्यातून गवत कसे ओळखले, हे कोडे कोणत्याही झुंजीइतकेच रोमहर्षक आहे. ते न दाखविता नुसते फळ हाती दिले, तर मुलगा चमत्काराचा भोक्ता होतो, जिज्ञासू होत नाही.

आणि आता ही गोष्ट केवळ डायनासोरांपुरती राहिलेली नाही. न घडलेल्या सभेचे, न केलेल्या भाषणाचे, न झालेल्या दंगलीचे हुबेहूब चित्र यंत्राकडून अल्पावधीत करून घेता येते. अशा काळात ‘दिसले म्हणजे झाले’ ही सवय नागरिकाला घातक आहे. ती सवय लागते कोठे? जेथे फसविण्याचा हेतू नाही, जेथे सर्व काही सुंदर, शिक्षणपर आणि विश्वासू आवाजात सांगितलेले आहे, तेथेच ती निःशंकपणे लागते. सज्जनांनी शिकविलेला भोळेपणा पुढे दुर्जनांच्या उपयोगी पडतो.

मग ही चित्रे काढू नयेत काय? असे आम्ही म्हणत नाही. धूर दाखवावा, एवढेच मागणे आहे. ‘प्रिहिस्टॉरिक प्लॅनेट’च्या कर्त्यांनी शास्त्रीय आधार सांगणारे छोटे जोडभाग केले, हे त्यांचे श्रेय आहे, मात्र ग्रंथाच्या परिशिष्टाप्रमाणे ते वाचणारे थोडे. २०२५ साली बीबीसीने ‘वॉकिंग विथ डायनासोर्स’ पुन्हा केले, तेव्हा उत्खनन करणारी माणसे आणि जिवंत भासणारा प्राणी यांची दृश्ये एकाच भागात गुंफली. ही दिशा आम्हांस योग्य वाटते. निवेदकाने ‘बहुधा’ हा शब्द उच्चारल्याने कथेचा रस कमी होत नाही. डोके सापडलेले नाही हे सांगून मग डोके दाखविले, तर पाहणाऱ्याचे कुतूहल वाढेलच.

चित्रकर्त्यांनी हे केव्हा करावयाचे ते करोत. घरातील वडील माणसांचे कर्तव्य मात्र त्यांवर अवलंबून नाही. मुलांबरोबर असे चित्र पाहताना ‘हे यांना कसे कळले असेल?’ एवढा एक प्रश्न मोठ्याने विचारावा. उत्तर ठाऊक नसले तरी चालेल. मुलांसह ते शोधावे. ज्या घरात हा प्रश्न ऐकू येतो, तेथे कोणतेही चित्र आले तरी भय नाही. आणि जेथे तो विचारावयाचा राहून जातो, तेथे खरे चित्र दाखविले काय आणि खोटे दाखविले काय, पाहणाऱ्याच्या लेखी दोन्ही सारखीच.